दुव्यांचे सोवळे-ओवळे : सशुल्क सूची आणि गूगलचा कायदा

१/
इंटरनेटचा इतिहास सांगताना एक कथा हमखास ऐकवली जाते. आरंभी डिरेक्टऱ्या होत्या. त्या पैसे घेऊन संकेतस्थळांची नावे नोंदवीत. मग गूगल अवतरले, त्याने गुणवत्तेला न्याय दिला, विकत घेतलेले दुवे बाद ठरवले आणि बाजार निर्मळ झाला. कथा सुटसुटीत आहे, म्हणूनच ती टिकली आहे. या धाग्यात मला तिचा प्रतिवाद करायचा आहे. माझ्या मते ही विजेत्याच्या दरबारात रचलेली बखर आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी ती बखर म्हणूनच वाचावी.

२/
बखरीचे नाव निघालेच आहे तर तिथूनच आरंभ करू. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. कोणाच्या आज्ञेवरून लिहिली, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. म्हणून आपण ती फेकून देतो का? मुळीच नाही. आश्रयदाता ठाऊक असला की साधनाचा कल ओळखता येतो, आणि कल ओळखला की साधन वापरता येते. घात होतो तो आश्रयदाता दडवला जातो तेव्हा. सशुल्क दुव्यांच्या वादाला हीच कसोटी लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. पैसे दिले-घेतले का, हा प्रश्न दुय्यम. वाचकाला ते कळू दिले का, हा खरा.

३/
आता डिरेक्टरी म्हणजे काय, हे ज्यांनी ती कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी. जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची विषयवार यादी करायला घेतली. तिचेच पुढे याहू झाले. ग्रंथालयातील तालिकेप्रमाणे विषय, उपविषय, त्याखाली दुवे. आणि ही लावालावी यंत्राने नव्हे, माणसांनी केलेली. श्रीनिजा श्रीनिवासन यांच्यासारख्या संपादकांचे कामच हे होते की जगातील प्रत्येक गोष्ट कोणत्या कप्प्यात बसते ते ठरवायचे.

४/
कप्प्यातील क्रम बहुधा वर्णानुक्रमाने असे. त्यामुळे कित्येक दुकानदारांनी आपल्या नावाची सुरुवात इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने करून घेतली. टेलिफोनच्या यलो पेजेसमध्ये हा उद्योग आधीपासून चालूच होता. वरच्या जागेचा मोह सर्च इंजिनांनी निर्माण केलेला नाही, तो यादी या प्रकाराइतकाच जुना आहे.

५/
संकेतस्थळे हजारांवरून लाखांवर गेली आणि संपादक अपुरे पडले. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू लागले. १९९९ मध्ये याहूने व्यापारी संकेतस्थळांसाठी १९९ डॉलरची जलद सेवा सुरू केली : पैसे भरा, सात कामकाजी दिवसांत तुमचा अर्ज पाहिला जाईल. पुढे व्यापारी विभागांसाठी हे शुल्क अनिवार्य झाले, रक्कम २९९ डॉलर झाली, आणि २००१ च्या अखेरीस ती दरवर्षी भरावी लागू लागली. बिगरव्यापारी संकेतस्थळांचा विनामूल्य मार्ग तेवढा उघडा राहिला.

६/
या शुल्काच्या अटी लक्षपूर्वक पाहा. पैसे नोंदीचे नव्हते, *तपासणीचे* होते. संपादकाने नाकारले तर नोंद नाही आणि पैसेही परत नाहीत. आपल्याकडे परीक्षाशुल्क असते तसेच : ते भरल्याने उत्तीर्ण होण्याची हमी मिळत नाही. हा भेद मला पुढे लागणार आहे.

७/
सगळ्या डिरेक्टऱ्या इतक्या सरळ होत्या, असा माझा दावा नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या लुकस्मार्टने आधी एकरकमी शुल्क घेऊन नोंदी केल्या आणि २००२ मध्ये एकाएकी जाहीर केले की यापुढे प्रत्येक क्लिकमागे १५ सेंट द्यावे लागतील. ज्यांनी कायमच्या नोंदीचे पैसे मोजले होते ते छोटे व्यापारी संतापले, प्रकरण न्यायालयात गेले. लुकस्मार्टच्या उत्पन्नाचा मोठा भाग मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनवर अवलंबून होता. २००४ च्या आरंभी तो करार संपला आणि कंपनी कोसळली. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

८/
विनामूल्य डिरेक्टरीही होती. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी सुरू केलेला, लवकरच नेटस्केपने घेतलेला आणि डीमॉझ या नावाने ओळखला गेलेला प्रकल्प. स्वयंसेवक संपादक, शुल्क शून्य. बंद होईपर्यंत सुमारे ९० भाषांत ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे त्यात नोंदली गेली होती. गूगलची स्वतःची डिरेक्टरी २००० पासून याच माहितीवर उभी होती.

९/
पण शुल्क नव्हते म्हणून डीमॉझ निष्कलंक मानला गेला काय? त्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत एक आरोप त्याच्या पाठीस लागलेला होता : अमुक विभागाचा संपादक चिरीमिरी घेतो, तमुक संपादक प्रतिस्पर्ध्याचा अर्ज दाबून ठेवतो. दारावर दरपत्रक लावलेल्या कचेरीत निदान किती द्यायचे हे ठाऊक असते. दरपत्रक नसलेल्या कचेरीचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

१०/
आता गूगलकडे वळू. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांची मूळ कल्पना आपल्या क्षेत्रातून आलेली आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञानातील संदर्भांची सूची सुरू केली : कोणत्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, यावरून त्याचे वजन मोजायचे. पेजरँकने हेच दुव्यांना लावले. दुवा म्हणजे तळटीप. वजनदार पानाने दिलेली तळटीप अधिक वजनदार.

११/
१९९८ च्या त्यांच्या निबंधाला एक परिशिष्ट आहे. त्यात ते म्हणतात की जाहिरातींवर चालणारे सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकलेले राहील. उदाहरणही देतात. मोबाइल फोनविषयी शोध घेतला असता त्यांच्या यंत्राने सर्वांत वर दिलेले पान गाडी चालवताना फोनवर बोलण्याचे धोके सांगणारे होते. फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या इंजिनाला असे पान वर दाखवणे जड गेले असते. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ॲडवर्ड्स सुरू केले. परिशिष्टाचे वय तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते.

१२/
त्याच वर्षी डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासात तिच्याइतकी दुर्लक्षित घटना दुसरी नाही. गूगलने ब्राउझरला जोडण्याचा टूलबार दिला. त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० च्या हिरव्या पट्टीत दिसू लागला. तोवर दुव्याला किंमत होती, पण ती कोणाला दिसत नव्हती. आता ती जगजाहीर झाली. ज्या वस्तूचा दर्जा आकड्यात दिसतो तिचा बाजार भरतोच. ८ दर्जाच्या पानावरील दुव्याला ४ दर्जाच्या दुव्यापेक्षा अधिक दाम, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. काटा गूगलने चौकात आणून ठेवला; मग तराजूभोवती व्यापारी जमले म्हणून दंड ठोठावायलाही गूगलच आले.

१३/
पहिला गाजलेला दंड ओक्लाहोमातील सर्चकिंगला झाला. ऑगस्ट २००२ मध्ये या कंपनीने पेजरँकच्या आधारे दुव्यांच्या जागा विकणारे जाळे काढले. काही काळातच तिच्या मुख्य पानाचा दर्जा ८ वरून ४ वर आला. कंपनी न्यायालयात गेली. मे २००३ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने दावा फेटाळला. कारण मोठे मासलेवाईक होते : पेजरँक हे गूगलचे *मत* आहे, आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य अमेरिकी राज्यघटना देते. घसरण हेतुपुरस्सर केलेली असली तरी ते मतच.

१४/
इथेच घोडे पेंड खाते. लोकांसमोर पेजरँक हे वस्तुनिष्ठ मोजमाप होते, यंत्राने, गणिताने, पक्षपाताविना केलेले. न्यायालयासमोर तेच एका कंपनीचे मत ठरले. मतावर दावा लावता येत नाही आणि गणिताशी वाद घालता येत नाही. दोन्ही ढाली एकाच हातात आल्या, आणि त्या हाताला उत्तर मागण्याचा मार्ग तेव्हापासून अरुंद होत गेला.

१५/
आता सहाव्या मुद्द्यातील भेद आठवा. गूगलच्या संकेतस्थळचालकांसाठीच्या सूचनांत २००८ पर्यंत स्पष्ट सल्ला होता की आपले संकेतस्थळ याहू आणि डीमॉझसारख्या डिरेक्टऱ्यांत नोंदवा. म्हणजे २९९ डॉलर भरून मिळणारा दुवा चालत होता! विचारणा झाली तेव्हा गूगलचे मॅट कट्स यांनी दिलेले स्पष्टीकरण असे : ते पैसे दुव्याचे नसून संपादकीय तपासणीचे आहेत, आणि अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. तर्क योग्यच आहे. पण हाच तर्क करणाऱ्या कित्येक छोट्या डिरेक्टऱ्यांना २००७ मध्ये शिक्षा झाल्या, इतक्या की आपल्याच नावाने शोधले तरी त्या वर सापडेनात. त्यांपैकी बऱ्याच टाकाऊ होत्या, हे मान्य. परंतु कोणत्या निकषाने टाकाऊ, हे ठरवणारा निवाडा कोठेही प्रसिद्ध झाला नाही. २००८ च्या ऑक्टोबरात तो सल्लाही सूचनांतून नाहीसा झाला.

१६/
याच काळात दुव्याला सोवळ्या-ओवळ्याची खूण लावण्याची सोय झाली. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' हे गुणचिन्ह आणले. मूळ हेतू प्रतिक्रियांतील कचरा रोखण्याचा होता आणि तो चांगलाच होता. हळूहळू ते सशुल्क दुव्यांसाठी अनिवार्य झाले : पैसे घेतलेत, तर दुव्यावर हे चिन्ह लावा म्हणजे आमचे यंत्र तो मोजणार नाही.

१७/
नीट पाहा, हे चिन्ह कोणासाठी आहे? पानाच्या संहितेत दडलेले असल्यामुळे ते वाचकाला दिसत नाही, फक्त यंत्राला दिसते. म्हणजे गूगलच्या धोरणाने मागितलेली कबुली गूगलपुरती आहे. वाचकाला पैशाची वार्ता लागली काय नि न लागली काय, दुव्यांच्या या नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. सभासदाने राजाराम महाराजांचे नाव बखरीत न लिहिता अदृश्य शाईने कागदाच्या मागे लिहिले असते तर?

१८/
याउलट याच प्रश्नावर एका सार्वजनिक संस्थेने काय केले होते ते पाहा. जुलै २००१ मध्ये कमर्शियल अलर्ट या ग्राहकसंघटनेने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आठ सर्च इंजिनांविरुद्ध तक्रार केली की ती पैसे घेतलेले निकाल न सांगता मिसळतात. जून २००२ मध्ये आयोगाने उत्तर दिले : पैसे घ्यायला हरकत नाही, पण पैसे घेऊन दिलेली जागा वाचकाला स्पष्ट, ठळकपणे तशी कळली पाहिजे. दोन ओळींचे तत्त्व आहे, पण त्यात वाचक केंद्रस्थानी आहे. २०१३ मध्ये आयोगाला पुन्हा पत्र लिहावे लागले, कारण जाहिराती आणि निकाल यांतील दृश्य फरक पुसट होत चालला होता. हे दुसरे पत्र ज्यांना गेले त्यांत गूगलही होते.

१९/
न्याय्य राहायचे तर गूगलच्या बाजूची नोंदही केली पाहिजे. २००९ मध्ये गूगलच्याच जपानी शाखेने ब्लॉगलेखकांना पैसे देऊन प्रचार करवला, तेव्हा तिच्या पानाचा दर्जा ९ वरून ५ वर आणला गेला. जानेवारी २०१२ मध्ये क्रोमच्या प्रचारात तसाच दुवा सापडल्यावर क्रोमचे पान ६० दिवस खाली ढकलले गेले. दांभिकतेचा आरोप इतका सोपा नाही. दुव्यांबाबत गूगल आपल्या माणसांनाही सोडत नव्हते. माझा आक्षेप वेगळा आहे : दुवे सोवळ्यात ठेवून पैशाने दुसरीकडून घरात यायचे, हे त्या धोरणात बसत होते.

२०/
२००४ मध्ये शेअर बाजारात उतरताना गूगलने भागधारकांना अभिमानाने सांगितले होते की आम्ही निकालांत समाविष्ट करण्यासाठी पैसे घेत नाही. २०१२ मध्ये तिचा वस्तुशोध विभाग विनामूल्य नोंदींवरून सशुल्क नोंदींवर गेला. २०२० पर्यंत दुकानदाराने पैसे दिले नाहीत, तर त्याची वस्तू तिथे नसे. हीच ती सशुल्क डिरेक्टरी, फक्त संपादकाची तपासणी वगळून. आणि त्याच वर्षी, २४ एप्रिलला, पेंग्विन नावाच्या बदलाने सशुल्क आणि बनावट दुव्यांवर आजवरचा सर्वांत मोठा घाव घातला होता.

२१/
पेंग्विननंतरची धांदल सांगण्यासारखी आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे डिरेक्टऱ्यांत नावे नोंदवली होती ते आता "आमचा दुवा काढा" म्हणून आर्जवे करू लागले. काही डिरेक्टरीचालकांनी काढण्याचेही शुल्क लावले! घालण्याचे वेगळे, काढण्याचे वेगळे. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने 'आमच्याकडे येणारे अमुक दुवे आमचे मानू नका' असे कळवण्याचे साधन दिले. तळटिपेत आपले नाव आले म्हणून लेखकाने विद्यापीठाला अर्ज करून ती तळटीप नाकारावी, असा हा प्रकार. उल्लेख होणे ही भीतीची गोष्ट बनली.

२२/
ही भीती फक्त दोषींपुरती राहिली असती तर मी हा धागा लिहिला नसता. सुक्याबरोबर ओलेही जळले. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून आपल्या सर्व बाह्य दुव्यांवर नोफॉलो लावले. ज्या तळटिपांमागे हजारो स्वयंसेवकांचे श्रम आहेत, त्यांतली एकही २०१९ पर्यंत गूगलच्या जाहीर धोरणानुसार वजनात धरली जात नव्हती. (२०१९ पासून हे चिन्ह आज्ञा नसून 'सूचना' मानले जाते, आणि सशुल्क दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' हे वेगळे चिन्ह आहे.) बड्या वृत्तसंस्थांनीही सरसकट तेच केले. छोट्या अभ्यासकाने उभारलेल्या शिलालेखांच्या किंवा नाण्यांच्या संकेतस्थळाचा उल्लेख मोठ्या लेखात झाला, तरी त्याच्या पदरात पडणारे श्रेय आता चालकाच्या सावधगिरीवर अवलंबून असते.

२३/
इथे एक उपकथा. आम्ही तिघे मित्र वीरगळांच्या छायाचित्रांचे एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. महिन्याला पाच-सहा पत्रे येतात : "आपल्या जुन्या लेखात आमचा एक दुवा घाला, पैसे देतो." बहुतेक दुवे सट्टेबाजीचे. म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या बंदीनंतर बाजार संपलेला नाही. तो दरपत्रकातून उठून पत्रपेटीत गेला. पूर्वी याहूची किंमत सर्वांना वाचता येत होती. आज कोणत्या लेखातील कोणता दुवा विकत घेतलेला आहे, हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही.

२४/
"बंदी नसती तर कचऱ्याचा पूर आला असता" हा प्रतिपक्षाचा मुख्य युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की जेसी पेनी या दुकानसाखळीला हजारो असंबद्ध पानांवरील दुव्यांनी ऐन सणासुदीत कपड्यांपासून चादरींपर्यंतच्या शोधांत वर नेले होते. कोणीतरी हे रोखायला हवे, हे मलाही मान्य. पण पूर आवरणारा पाटबंधारे खात्याचा अधिकारी आणि पाणी विकणारा टँकरमालक एकच असू नये. आज नियम करणारा, दंड करणारा आणि फेरविचाराचा अर्ज ऐकणारा एकच आहे. आणि दंड झालेल्याला जाहिरातीची जागा विकणाराही तोच. खाली ढकलल्या गेलेल्याला वर दिसण्याचा एक खात्रीचा मार्ग उरतो, आणि त्याचे देयक गूगलकडूनच येते.

२५/
हे केवळ माझे कुतर्क नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मॅट्रिमोनी डॉट कॉम आणि कट्स या ग्राहकसंस्थेच्या तक्रारींवरून गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. निकालपानावर स्वतःच्या विमानतिकीट विभागाला दिलेली ठळक जागा हा त्यातील एक मुद्दा होता. बाकीचे अनेक आरोप आयोगाने फेटाळले, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने वस्तुशोधाच्या प्रकरणात २.४२ अब्ज युरोंचा दंड केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तो कायम केला.

२६/
आणि एक आकडा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की २०२१ या एका वर्षात गूगलने फोन आणि ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आपोआप निवडलेले असावे यासाठी २६.३ अब्ज डॉलर मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात अनन्य करारांना मनाई झाली. जागेसाठी पैसे देण्याला मात्र झाली नाही. याहूच्या कप्प्यात २९९ डॉलर भरून बसणारा दुकानदार आणि फोनच्या पडद्यावर अब्जावधी भरून बसणारे सर्च इंजिन, यांत तत्त्वाचा फरक मला कोणी समजावून द्यावा. एक दिसतो. दुकानदाराच्या अर्जावर कोणी माणूस बसून "नाही" म्हणू शकत होता.

२७/
याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. त्यांची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बऱ्याच अंशी जतन आहेत, आणि १९९० च्या दशकातील लोक जगाचे कप्पे कसे पाडत होते याचे ते उत्तम साधन आहे. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी जरूर पाहावे. मराठी संकेतस्थळांच्या बाजूच्या रकान्यात २००० ते २०१० दरम्यान जे 'आवडते दुवे' असत, त्यांची यादी मी जमवतो आहे. आपल्यापैकी कोणाच्या जुन्या संगणकात अशी पाने साठवलेली असतील, तर उत्तरात संकेतस्थळाचे नाव आणि अंदाजे वर्ष लिहावे.